शनिवारचं मीठ

शरदिनीबाईंना शरदिनी म्हणणारी माणसं ब्रह्मा घाटावर दरवर्षी एक-दोन कमी होत गेली आणि शनिवार म्हणणारी वाढत गेली. यात त्यांचा स्वतःचा काही दोष नव्हता. दोष होता नरहरचा. आणि नरहर मुंबईला जाऊन, मोठा लेखक होऊन, तिथेच वारला असल्यामुळे त्याला गाठून जाब विचारायची सोय उरली नव्हती.

हा नरहर अठ्ठावन्न साली कोकणातून काशीला संस्कृत शिकायला आला. अंगावर एक सदरा, वळकटीत दुसरा. अशा मुलांच्या जेवणाची ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांत जुनी सोय होती. मुलाने वार लावून घ्यायचे; सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा काढायचा. नरहरला सहा घरं मिळाली. रविवारचं घर मिळालं नाही, म्हणून रविवारी तो अन्नछत्रात जेवायचा. गुरुवार होता लतिकाबाईंकडे आणि शनिवार शरदिनीबाईंकडे. दोघी चुलत जावा. घरं समोरासमोर, मधली गल्ली इतकी अरुंद की या खिडकीतून त्या खिडकीत वाटी देता यायची.

दोन वर्षं जेवून नरहर निघून गेला आणि पाच वर्षांनी त्याची कादंबरी आली. तिच्यात गोष्ट अशी नव्हतीच. एक 'तो' होता. तो जेवायचा, आणि जेवताना त्याच्या मनात जे यायचं ते पानंच्या पानं पूर्णविरामाशिवाय चालायचं. बायकांना नावं नव्हती, वार होते. सोमवार कांदा चिरायची, मंगळवार विनाकारण हसायची, बुधवार एकदाच दारात येऊन 'घार' म्हणायची आणि परत आत जायची. रविवारी 'तो' उपाशीपोटी गंगेकडे बघत बसायचा, ते चाळीस पानं. मराठी कादंबरी आता पूर्वीसारखी राहणार नाही, असं पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी जाहीर केलं. सहा बायका म्हणजे काळाची सहा रूपं, आणि रविवार म्हणजे ईश्वराचं नसणं, असंही सांगितलं. अन्नछत्राचे मुनीम तेव्हा हयात होते. त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. "दोन वर्षं दर रविवारी चार वेळा भात मागून घेतला पोराने," ते भेटेल त्याला सांगत, "आणि म्हणे उपाशी. ईश्वर नव्हता, ठीक आहे. मी तर होतो."

गल्लीत त्या कादंबरीला नावाने कुणी ओळखत नसे. सगळे 'पुस्तक' म्हणत.

पुस्तकातली गुरुवार म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. मोठे पाणीदार डोळे, बोलणं कमी, आणि हात असा की 'तो' तिच्या वाढण्यावरून आईची आठवण काढतो. एका गुरुवारी ती पानाखाली चिमूटभर मीठ लपवून ठेवते आणि नखाने पान दोनदा वाजवून त्याला खूण करते. त्या चिमटीवर लोकांनी लेख लिहिले.

आणि शनिवार? शनिवार पाठ फिरवून वाढते. तिची आमटी अळणी, भात अळणी, मनही अळणी. "शनिवारच्या हाताला मीठ नव्हतं," हे वाक्य एम.ए.च्या परीक्षेला स्पष्टीकरणासाठी येत असे. शरदिनीबाईंच्या मुलीला, ऋताला, इंदूरचं स्थळ आलं तेव्हा मुलाचे वडील मराठीचे प्राध्यापक निघाले. बघायला आल्यावर त्यांनी घराकडे निरखून पाहिलं, हळूच विचारलं, "म्हणजे तुम्हीच का त्या?" आणि मग पोह्यांचा पहिला घास अगदी जपून घेतला. पोहे चांगले झाले होते. लग्न ठरलं. पण तो जपून घेतलेला घास शरदिनीबाई विसरल्या नाहीत.

खरी गोष्ट अशी होती. त्यांचे यजमान दत्तात्रेयराव लग्नाआधी विषमज्वराने अगदी जायला निघाले होते. तेव्हा सासूबाईंनी मारुतीला नवस केला, पोरगा वाचला तर घरात जन्मभर शनिवारी कुणी मिठाला शिवणार नाही. पोरगा वाचला. शुक्रवारी दिवेलागणीला सासूबाई मिठाची बरणी कपाटात बंद करत आणि किल्ली कमरेला लावत. शनिवारी घरातला प्रत्येक माणूस अळणी जेवायचा, मग वार लावलेल्या मुलाला वेगळं कुठून करणार? आणि पाठ फिरवून वाढायचं हाही सासूबाईंचाच हुकूम होता. एकोणीस वर्षांची सून, परका मुलगा. तोंड तिकडे कशाला?

एवढ्यावर भागलं असतं तर शरदिनीबाईंनी सोसलं असतं. पण ते पानाखालचं मीठ त्यांचं होतं.

पहिल्या शनिवारी नरहरने तीन घास खाल्ले आणि चौथा हातात धरून बसला. सतरा-अठरा वर्षांचं पोर. डोळ्यांत पाणी आलेलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मान खाली; पाठ वळवता वळवता ते शरदिनीबाईंच्या नजरेला पडलं. पुढच्या शुक्रवारी बरणी कपाटात जायच्या आधी शरदिनीबाईंनी चिमूटभर मीठ पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. शनिवारी पान मांडताना, पानाच्या माथ्यावर जिथे एरवी मीठ वाढतात बरोबर तिथेच, पण पानाखाली, ते ठेवलं. वाढताना नखाने दोनदा वाजवलं. पोरगा हुशार होता, बोट घातलं. मग दोन वर्षं हे चाललं.

आणि त्या हुशार पोराने शनिवारचं मीठ उचलून गुरुवारच्या पानाखाली ठेवलं. का, ते तोच जाणे. कादंबरीत शोभलं असेल.

लतिकाबाईंना हे एकदा, फार पूर्वी, शरदिनीबाईंनी आडून विचारून पाहिलं होतं. "लतिका, तू ठेवलं होतंस गं मीठ पानाखाली?"

लतिकाबाईंनी आपले मोठे डोळे आणखी मोठे करून आठवल्यासारखं केलं. "आता सगळं कुठे लक्षात राहतं बाई," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी त्याच्यासाठी इतकं काय काय करायचे. त्यात मीठही ठेवलं असेन."

लतिकाबाईंकडे आमटीत नेहमी भरपूर मीठ असायचं. ज्या घरात आमटीत मीठ आहे तिथे पानाखाली ते कशाला ठेवायला लागेल, हा साधा प्रश्न एकाही समीक्षकाला पडला नव्हता. त्यांच्या मते ते प्रेमाचं आधिक्य होतं. लतिकाबाईंनी पुस्तक लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं.

शरदिनीबाई बोलू शकत नव्हत्या, कारण बोलायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं की नवऱ्याच्या जिवासाठी केलेला नवस आपण एका परक्या मुलासाठी दोन वर्षं मोडला. सासूबाई होत्या तोवर हे शक्यच नव्हतं. सासूबाई गेल्या, पण दत्तात्रेयराव होते. कँट स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊनही ते त्या अळणी शनिवारांना सरकारी नियमासारखे चिकटून होते. नोकरी टिकली, ऋताचं लग्न झालं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, सगळ्याचं श्रेय ते शनिवारला देत. त्यांचं पुस्तकाशी वेगळंच भांडण होतं. "सबको डाला, मला नाही," ते म्हणत. "एकशे चाळिसाव्या पानावर शनिवारच्या घरात आतून गुळण्यांचा आवाज येतो. तेवढा मी."

असं सगळं चाललेलं असताना शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत पुण्याहून देवश्री आली. कॉलेजात शिकवणारी तिशीची मुलगी, खांद्याला झोळी, झोळीत टेपरेकॉर्डर. पुस्तकामागच्या खऱ्या माणसांवर ती प्रबंध लिहीत होती आणि तो पुढे छापला जाणार होता. तिच्या मनात होतं की नरहरसारखंच आठवडाभर वाराने जेवावं. पण सोमवारचं घर पुण्याला निघून गेलेलं, मंगळवारच्या घराचं विदेशी लोकांचं लॉज झालेलं, बुधवार आणि शुक्रवार वारलेल्या. उरले दोनच वार. गुरुवारचं आमंत्रण लतिकाबाईंनी ती बोलायच्या आधीच दिलं.

गुरुवारी दुपारी शरदिनीबाई खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच तांदूळ त्यांनी तीनदा निवडले. समोरून सगळं ऐकू येत होतं. लतिकाबाईंच्या दहा भाज्या, श्रीखंड, देवश्रीचं "अहो किती" आणि मग टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्याचा खट्ट आवाज.

"मीठ ना," लतिकाबाईंचा आवाज आला, "ते आतूनच येतं बघ. हात आपोआप जातो."

शरदिनीबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. हे आता छापून येणार होतं. आतापर्यंत कादंबरीत होतं; कादंबरीतलं खोटं असतं असं म्हणता तरी येत होतं. प्रबंधात आलं की ते कायमचं खरं. आपल्या पश्चात ऋताच्या मुलांनासुद्धा तेच खरं वाटणार.

त्यांनी ठरवलं. बोलायचं नाही, करून दाखवायचं. मुलीला पुस्तक पाठ आहे. पान वाजवलं की ओळखेलच. आणि यजमान शेजारी बसून जेवत असले तरी त्यांना काय कळणार आहे?

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी चिमूटभर मीठ पदराला बांधलं. बरणीला आता कुलूप नव्हतं, किल्लीही कुठे गेली ठाऊक नव्हतं, तरी बांधलं. एरवी शनिवारी दोघं स्टीलच्या ताटांत जेवत. आज त्यांनी पत्तलवाल्याकडून पत्रावळी आणवल्या, दोन पाट मांडले, भिंतीकडचा दत्तात्रेयरावांना आणि त्यांच्या डाव्या हाताचा पाहुणीला. पाहुणीच्या पानाखाली माथ्यावर मीठ ठेवलं.

देवश्री आली, बसली, टेपरेकॉर्डर पाटाशेजारी ठेवून चालू केला. आमटी-भाताचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"काकू, अगदी तीच," ती भारावून म्हणाली.

"कोण तीच?"

"ही चव. म्हणजे, चव नसणं." तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. "मी पंधरा वर्षं वाचतेय. आज खाल्लं."

शरदिनीबाईंच्या हातातला पळा वाकडा झाला. त्या तूप वाढायला वाकल्या आणि पानाच्या माथ्यावर नखाने दोनदा वाजवलं.

देवश्री जेवत राहिली. अळणी आमटी ती तीर्थासारखी घेत होती.

शेजारी दत्तात्रेयरावांचं चाललं होतं. "मतलब काय, की आंब्याची पार्सलं आली की सगळं ऑफिस एकदम महकायचं. एकदा लंगड्याच्या पेट्या होत्या, आणि त्या कुणाच्या तर..."

शरदिनीबाईंनी पुन्हा, जरा जोरात, दोनदा वाजवलं.

"तुमच्या बांगड्यांचा आवाज छान येतोय काकू," देवश्री म्हणाली. "असू दे हं रेकॉर्डिंगमध्ये."

आणि तेवढ्यात शरदिनीबाईंना दिसलं. दत्तात्रेयरावांचं तोंड आंब्याच्या पेट्यांबद्दल बोलत होतं, उजवा हात भात कालवत होता, आणि डावा हात, जणू तो त्यांचा नव्हेच, शेजारच्या पानाकडे निघाला होता. तो पाहुणीच्या पत्रावळीच्या माथ्याशी गेला, दोन बोटं खाली शिरली, आणि चिमूट घेऊन बाहेर आली.

"काका, काही हवंय का?" देवश्रीने विचारलं.

दत्तात्रेयराव बोलायचे थांबले. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. चिमटीत मीठ होतं.

"अहो," शरदिनीबाई म्हणाल्या, "हे काय?"

"मीठ," दत्तात्रेयराव म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. तुमचा हात तिथे कसा गेला?"

"तू वाजवलंस ना." ते अगदी साधेपणाने म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. कान लाल झाले. त्यांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे एकदा पाहिलं, मग टेपरेकॉर्डरकडे. "आता आई नाही. सांगायला हरकत नाही. ही ठेवायची मीठ, शनिवारी. माझ्यासाठी."

शरदिनीबाईंनी पळा खाली ठेवला.

"माझ्या पानावर आईची नजर," दत्तात्रेयराव देवश्रीला समजावू लागले. "तिथे ठेवलं असतं तर पकडली गेली असती. म्हणून हिने नरहरच्या पानाखाली ठेवलं. तो माझ्या शेजारी बसायचा ना. डोकं बघा हिचं, एकोणीस वर्षांची पोर. तो बोट घालताना मला दिसला. मी बघितलं त्याच्याकडे, त्याने निम्मं दिलं. मग दोन वर्षं आधा-आधा. लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते, आमचं धड बोलणंसुद्धा नव्हतं. पण मी मनात म्हटलं, दत्तात्रेय, बायको हुशार मिळाली तुला, आणि जीवही लावते."

"आणि नवस?" शरदिनीबाईंनी विचारलं.

"तो तेव्हाच मोडला. तरी आहे की मी."

"मग अडतीस वर्षं हे अळणी कशासाठी खाताय?"

"नरहर गेल्यावर तू ठेवायचं बंद केलंस," दत्तात्रेयराव म्हणाले. "मला वाटलं, तुला नवसाची भीती वाटायला लागली. मग म्हटलं, हिच्यासाठी पाळू."

देवश्री घास हातात धरून बसली होती. तिने डाव्या हाताने झोळीतून पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं, ओठ हलवत वाचलं. मग खिडकीतून समोरच्या घराकडे बघितलं.

"पण परवा लतिकाकाकूंच्या आमटीत मीठ होतं," ती हळूहळू म्हणाली. "तेव्हाही असणारच. मग पानाखाली कशाला लागेल?"

"बाई गं," शरदिनीबाई म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या. "तीस वर्षं झाली. कुणीतरी एकदा एवढंच विचारावं म्हणून वाट बघतेय मी."

"म्हणजे मीठ शनिवारचं."

"शनिवारचं."

देवश्रीने टेपरेकॉर्डर पुढे सरकवला. "काकू, मग आता एकच. ते मीठ नेमकं कुणासाठी होतं? नरहरसाठी, की काकांसाठी? माझ्या प्रबंधासाठी ते फार महत्त्वाचं आहे."

टेप फिरत होती. दत्तात्रेयराव पानातल्या भाताकडे बघत होते, अगदी लक्ष नसल्यासारखे. इतकं लक्ष नसल्यासारखं ते फक्त रेडिओवर क्रिकेटचं शेवटचं षटक चालू असताना बसत.

शरदिनीबाईंना सतरा वर्षांच्या पोराचे पाणी आलेले डोळे स्वच्छ आठवत होते. शेजारी कोण बसायचं, ते काही केल्या आठवत नव्हतं. पाठ फिरवून वाढायचा हुकूम होता. नवऱ्याचं तोंडही त्यांनी त्या दोन महिन्यांत उजेडात नीट पाहिलेलं नव्हतं. आणि हा माणूस दुसऱ्याच्या निम्म्या चिमटीवर अडतीस वर्षं संसार करत आला होता.

"शनिवारचं होतं," त्या म्हणाल्या. "तेवढं लिही."

"पण कुणासाठी..."

"पुस्तकात विचारलंय का तसं?"

"नाही."

"मग तूही नको विचारूस. आमटी गार होतेय."

त्यांनी यजमानांच्या चिमटीतलं मीठ तळहातावर घेतलं, निम्मं देवश्रीच्या पानात ठेवलं, निम्मं दत्तात्रेयरावांच्या.

"आज शनिवार आहे," दत्तात्रेयराव म्हणाले.

"माहीत आहे मला. कालवा."

देवश्री गेल्यावर शरदिनीबाई खिडकीशी आल्या, तर समोर लतिकाबाई उभ्याच. त्यांनी काही ऐकलं नाही असं म्हणायला वावच नव्हता.

"मीठ घेतलंस वाटतं परत," लतिकाबाई म्हणाल्या.

"घेतलं."

"तेव्हाच नाही का सांगायचं? दिलं असतं मी. इतकी वर्षं त्या पुस्तकाला लाल कापड बदलतेय." मग जरा थांबून, "पुस्तकातले डोळे तरी ठेवतेस ना मला?"

"ठेव. तसाही त्यात आता मोतीबिंदू आहे."

"तुझ्या नवऱ्याचा डॉक्टर चांगला होता का गं?" लतिकाबाईंनी विचारलं, आणि दोघी मग त्याच विषयावर पाऊण तास बोलत राहिल्या.

प्रबंध पुढच्या वर्षी छापून आला. त्यात मिठावर एक आख्खं प्रकरण होतं. गुरुवार आणि शनिवार ही एकाच स्त्रीची दोन अंगं असल्याचं देवश्रीने त्यात सिद्ध केलं होतं, आणि ते वाचून लतिकाबाईंनी आठवडाभर खिडकी लावून घेतली. दत्तात्रेयरावांचं नाव मात्र चार ठिकाणी आलं. त्यांनी पाच प्रती मागवल्या आणि पार्सल सोडवायला स्वतः कँटला गेले. गल्लीत पोरं अजून शनिवारच म्हणतात. शरदिनीबाई आता सरळ ओ देतात.

पण हे सगळं नंतरचं. देवश्री गेली त्याच्या पुढच्याच शनिवारी दत्तात्रेयराव जेवायला बसले. ताट नेहमीचं, स्टीलचं. आमटी अळणी, भात अळणी. त्यांनी चित्राहुती घातल्या, आचमन केलं, एक घास घेतला आणि इकडेतिकडे बघत बसले.

स्टीलचं ताट नखाने वाजवलं तर समोरच्या खिडकीत स्पष्ट ऐकू जातं. शरदिनीबाईंनी तरीही वाजवलं. दोनदा.